दम लागणाऱ्या माणसाचा तोल: पडण्याची भीती कमी करण्यासाठी घरी काय करावं

सीओपीडीच्या (फुप्फुसातल्या हवेच्या वाटा अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) माणसाला डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं की तो दम सांगतो, खोकला सांगतो, रात्री झोप लागत नाही हेही सांगतो. न्हाणीत जाताना भिंत धरावी लागते, हे मात्र सांगत नाही. त्याचा फुप्फुसाशी काही संबंध असेल असं त्याला वाटतच नाही. वय झालं, असं तो धरून चालतो आणि घरचेही तसंच धरतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात प्रत्येक गल्लीत असा एखादा माणूस आहे. कुणी जन्मभर विडी ओढली, कुणी तंबाखूच्या धुळीत काम केलं, कुणी फाउंड्रीत. आणि बायकांनी तर विडीला हात न लावता तीस-चाळीस वर्षं चुलीचा धूर घेतला. डॉक्टर आणि इनहेलर यांच्याबद्दल आता बरंच बोललं जातं. तोलाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख. रुग्णाने वाचावा आणि घरातल्या निदान एकाने तरी वाचावा. व्यायामाचा भाग सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, विशेषतः हृदयाचा त्रास असेल किंवा नुकतंच दवाखान्यातून घरी आला असाल तर.

तोल का जातो

सीओपीडीत मांड्या लवकर सुकतात. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसून बसून पायातली ताकद जाते आणि अशक्त पाय थोड्याच कामात थकून श्वासाची मागणी वाढवतात. मग दम आणखी लवकर लागतो आणि माणूस आणखी बसतो.

दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू), पोटाचे आणि पाठीचे स्नायू श्वास तर चालवतातच, शिवाय धड सरळ आणि स्थिर ठेवण्याचं कामही तेच करतात. दम लागला की ते सगळे श्वासामागे लागतात आणि धड सावरायला कुणी उरत नाही. म्हणून दम लागलेला असतानाच झटकन वळणं, वाकून काही उचलणं, एका पायावर उभं राहून चप्पल चढवणं यात माणसाचा तोल जातो.

औषधांचाही वाटा असतो. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार किंवा बरेच दिवस घ्याव्या लागल्या की स्नायू आणि हाडं दोन्ही कमजोर होतात. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी होण्याच्या गोळ्या यांनी उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. खोकल्याची मोठी उबळ आली की काही जणांना क्षणभर शुद्धच राहत नाही. रक्तातला प्राणवायू कमी पडला तरी डोकं हलकं होतं. मात्र यातली एकही गोळी मनाने बंद करू नका. बरेच दिवस चाललेलं स्टिरॉइड एकदम तोडणं धोक्याचं असतं.

आणि भीती. ती फक्त पडलेल्यालाच असते असं नाही. एकदा पाय घसरून भिंतीला हात टेकला, तेवढंही पुरतं. माणूस अंगणात जायचं सोडतो, मग देवळात, मग शेजारी. आपण "तुम्ही बसा, मी आणते" म्हणत प्रेमाने सगळं हातात देतो. मला हे ठामपणे सांगायचं आहे: दम असलेल्या माणसाला बसवून ठेवण्याने त्याचं पडणं टळत नाही, ते जवळ येतं. त्याला सुरक्षितपणे चालतं ठेवणं हीच त्याची काळजी.

आधी घरीच तपासून बघा

शेजारी एक धडधाकट माणूस उभा करा आणि मगच हे करा.

खुर्चीपासून 3 मीटरवर, म्हणजे साधारण 10 फुटांवर, खडूने रेघ ओढा. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. काठी वापरत असाल तर काठीसकट. मोबाइलवर वेळ लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजा. वेळेइतकंच लक्ष वळताना ठेवा: वळायला चार-पाच लडबडणारी पावलं लागतात का, हात भिंत शोधतो का.

मग ओट्याजवळ उभं राहून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला टेकवून, पावलं एका रेषेत ठेवून उभं राहा. हात ओट्याच्या जवळ, पण टेकवलेले नकोत. 10 सेकंद जमत नसेल तर तोलाचं काम करण्याची गरज आहे.

घरात बीपीचं यंत्र असेल तर 5 मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, उभं राहिल्यावर 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा 10 किंवा त्याहून जास्त उतरला तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं यंत्र) असेल तर बसल्यावर आणि घरात चालून आल्यावर असे दोन आकडे लिहा. बोट गार असेल, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो.

डॉक्टरांकडे जाताना

हे आकडे, सगळ्या गोळ्या त्यांच्या पाकिटांसकट (दुसऱ्या डॉक्टरांच्या आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्याही) आणि गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात किंवा पडता पडता वाचलात, एवढं घेऊन जा. आमच्या भागात दवाखान्यात कानडी बोलणारी नर्स पुढे आली की वयस्कर माणसं गप्प बसतात. "बिद्दे", म्हणजे पडलो, आणि "तले सुत्तुत्तदे", म्हणजे चक्कर येते, एवढं सांगितलं तरी काम होतं.

चार गोष्टी विचारा. चक्कर आणणारं औषध बदलता किंवा कमी करता येईल का? हाडांची तपासणी आणि ड जीवनसत्त्व बघायला हवं का? चालताना माझा प्राणवायू किती असावा, कितीखाली गेला तर थांबायचं? आणि पल्मनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांसाठीचा देखरेखीखालचा व्यायाम, कुठे मिळेल? बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय आणि त्यांचं फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूर जवळ पडतं. फिजिओथेरपिस्टकडे गेलात की "दमाबरोबर तोलाचाही व्यायाम द्या" असं स्पष्ट म्हणा, कारण नुसत्या चालण्याच्या आणि सायकलच्या व्यायामाने तोल हवा तेवढा सुधारत नाही. मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर याच फेरीत बघून घ्या.

घर: मोरीपासून सुरुवात करा

घरातली सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे न्हाणी. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात भिंती ओलावतात आणि मोरीच्या फरशीवर हिरवट शेवाळ धरतं. माझ्या आत्याच्या न्हाणीत चुलाणावरचं पाणी काढताना ती एका हाताने तपेलं धरायची आणि दुसऱ्या हाताने टॉवेल टांगायची खुंटी. खुंटी बोटाला लागली की हलायची, गिलाव्याची माती पडायची. ती खुंटी माणसाचा भार कशी घेणार? टॉवेलचा रॉड, नळ, बादलीची कडी, यातलं काहीच भार घेत नाही.

मिस्त्रीला बोलावून कोपराच्या उंचीवर लोखंडी किंवा स्टीलचा पाइप भिंतीत पक्का बसवून घ्या. एक न्हाणीच्या दाराशी, एक बसायच्या जागेशेजारी आणि एक संडासात. शेवाळ घासायचं काम दुसऱ्याने करावं. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर त्या वेळी रुग्णाला दुसऱ्या खोलीत ठेवा, वास पूर्ण गेल्यावरच आत जाऊ द्या. त्या वाफेने दम एकदम वाढतो.

अंघोळ स्टुलावर बसून करावी. स्टुलाचे पाय रुंद असावेत, प्लास्टिकचं हलकं स्टूल नको. चुलाणाची आग न्हाणीतच पेटत असेल तर पाणी बाहेर तापवून आत आणा, आणि ते घरच्यांनी आणावं. फार कढत पाण्याने रक्तदाब उतरतो आणि वाफेने जीव कोंडतो, तेव्हा पाणी कोमट, खिडकी किंवा दार किंचित उघडं. आतून कडी लावू नये. लाज वाटत असेल तर दाराबाहेर टॉवेल टांगायची खूण ठरवा. डोक्यावर हात नेऊन केस पुसताना खूप दम लागतो, म्हणून मोठा टॉवेल अंगाभोवती गुंडाळून काही वेळ बसूनच राहावं. कपडेही बसून घालावेत, पायातले आधी.

संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची मिळते. उकिडवं बसून कुंथताना श्वास रोखला जातो, उठताना डोळ्यांपुढे अंधार होतो आणि बरेच जण तिथेच पडतात. पोट साफ राहील असं खाणं-पिणं ठेवा.

बाकीच्या घरात उंबरठा बघा. जुन्या घरांतले उंबरठे उंच आणि फरशीच्याच रंगाचे असतात. तो काढायची गरज नाही, त्याच्या कडेवर पिवळ्या ऑइलपेंटचा ठळक पट्टा ओढा. गुळगुळीत फरशीवर रांगोळीची पूड घसरते, ती जाण्यायेण्याच्या वाटेपासून बाजूला काढा. दारातलं पायपुसणं, सतरंजीची दुमडलेली कड, अंगणात वाळत घातलेल्या धान्याचे सांडलेले दाणे, हे रोज बघावं लागतं. साडीच्या निऱ्या घोट्याच्या वर. पायात टाचेला पट्टा असलेली, तळ न झिजलेली चप्पल.

रात्री लघवीला उठताना घाई होते. आधी पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसावं, मग उठावं. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून उशाशी बॅटरी हवीच. न्हाणी घरामागे अंगणात असेल तर रात्रीपुरता कमोड खुर्चीचा पलंगाजवळ वापर करायला संकोच करू नका.

घरी ऑक्सिजन लावत असतील तर नळी हा अडकायचा मोठा धोका आहे. ती भिंतीच्या कडेने न्या, दारातून आडवी टाकू नका, तिच्यावर ठिकठिकाणी रंगीत चिकटपट्टी लावा म्हणजे डोळ्यांत भरते. वळताना नळी हातात धरून आधी ती बाजूला करायची, मग पाऊल टाकायचं. ऑक्सिजन चालू असताना निरांजन, उदबत्ती, गॅस, चूल, विडी यांतलं काहीही 10 फुटांच्या आत नको. देवापुढे दिवा घरच्या दुसऱ्या कुणी लावावा.

श्वास आधी, पाऊल नंतर

नाकाने दोन मोजेपर्यंत श्वास घ्या. ओठ शीळ घालताना करतो तसे आवळून, चार मोजेपर्यंत हळूहळू सोडा. ओढूनताणून फुंकायचं नाही. ही पद्धत बसल्या जागी सराव करून अंगवळणी पाडा आणि मग हालचालीला जोडा: खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, वाकणं, ही सगळी कष्टाची हालचाल श्वास सोडताना करायची. पायरीवर उभं राहून श्वास घ्यायचा, सोडता सोडता वरची पायरी गाठायची.

दम लागला की वळू नका, बोलू नका. आधी थांबा, काहीतरी धरा, श्वास बसू द्या. फोन वाजला तरी वाजू द्या. चालता चालता बोलणं किंवा हातात पाण्याचा तांब्या नेणं यात लक्ष विभागतं आणि तोल बिघडतो. वळताना जागच्या जागी गिरकी नको, लहान लहान पावलं टाकत गोल वळा.

आठवड्यातून तीन दिवस, ओट्याजवळ

डॉक्टरांनी व्यायामाआधी इनहेलर घ्यायला सांगितलं असेल तर तो घेऊन 15 मिनिटं थांबा. शून्य म्हणजे अजिबात दम नाही आणि 10 म्हणजे असह्य, असं धरलं तर दम 3 ते 4 वर राहील इतपतच करा. छातीत दुखलं, चक्कर आली, डॉक्टरांनी सांगितलेल्या आकड्याखाली (बहुतेक वेळा 88 टक्के) ऑक्सिमीटर गेला, तर थांबा. ताप असेल, कफाचा रंग बदलला असेल, त्या दिवशी व्यायाम नाही.

पहिला व्यायाम खुर्चीतून उठण्याचा, आणि एकच करणार असाल तर हाच करा. पाठ भिंतीला टेकलेली भक्कम खुर्ची घ्या, प्लास्टिकची नको. पुढे सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, धड पुढे झुकवा आणि श्वास सोडत उठा. बसताना धपकन बसू नका, तीन मोजत खाली या. सुरुवातीला हात टेकवून 5 वेळा, हळूहळू 10 वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोन फेऱ्या. हात न टेकवता जमू लागलं की मांड्या भरतायत असं समजा.

नंतर ओटा दोन्ही हातांनी धरून टाचा उचलून चवड्यांवर 10 वेळा. ओट्याच्या कडेकडेने आडवी पावलं टाकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

मग तोलाचा खरा भाग. पावलं जोडून उभं राहा. जमलं की एक पाऊल अर्धं पुढे. तेही जमलं की टाचेला अंगठा. शेवटी एका पायावर. प्रत्येक वेळी 10 सेकंदांपासून 30 पर्यंत. एक टप्पा हात न लावता 30 सेकंद आरामात झाला की मगच पुढचा. थोडं डगमगायला हवं, त्याशिवाय तोल शिकत नाही, पण पडायला होता कामा नये. म्हणून समोर ओटा, मागे खुर्ची आणि शेजारी माणूस, तिन्ही हवेत. डोळे मिटून करण्याचे प्रकार फिजिओथेरपिस्टसमोरच करा.

शिवाय सपाट जागेवर रोज चाला, थांबत थांबत का होईना. सहा ते आठ आठवड्यांनी रेघेची चाचणी पुन्हा करा. दवाखान्यात भरती होऊन आल्यावर पायातली ताकद बरीच गेलेली असते. तेव्हा जिथे सोडलं होतं तिथून न धरता पहिल्या टप्प्यापासून सुरू करा.

भीतीसाठी वेगळी वही

व्यायामाने पाय सुधारले तरी भीती आपोआप जात नाही. परदेशात पडण्याची भीती मोजायला 16 रोजच्या कामांची प्रश्नावली वापरतात; अंघोळ, कपडे, जिना, उतार, गर्दी अशी कामं त्यात असतात. आपण आपली यादी करू. ज्याची भीती वाटते अशी कामं लिहा आणि प्रत्येकापुढे थोडी, बरीच, फार असं लिहा. "न्हाणीत जायला भ्या वाटतंय" असं म्हणत असतील तर अगदी तसंच लिहून ठेवा.

"थोडी" वाल्या एका कामापासून सुरुवात करा. समजा ओसरीवरून अंगणात उतरणं. पहिले काही दिवस हात धरून. मग हात न धरता, पण माणूस एका हाताच्या अंतरावर. मग माणूस दारात. मग एकट्याने, दिवसाउजेडी. ते काम कंटाळवाणं वाटायला लागलं की पुढचं घ्या. मध्ये वाईट दिवस येणारच, त्या दिवशी एक टप्पा मागे या, पण काम सोडू नका.

घरच्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. "पडशील!" असं मागून ओरडू नये, दचकूनच तोल जातो. आणि दंड धरून ओढू नये. आपला हात पुढे करावा, त्यांना धरू द्यावा. सुनेने भाजी निवडायला दिली, नातवाला गेटपर्यंत सोडायला सांगितलं, तर ते उठण्याचं कारण होतं. दमाच्या भीतीने जीव घाबरा होणं आणि सतत उदास राहणं हेही या आजारात नेहमीचं आहे, त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांशी बोला.

बाहेर पडताना

काठी घ्यायची तर हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, खालचं रबर झिजलं की बदलायचं. ज्यांना दम जास्त आहे त्यांना काठीपेक्षा ब्रेक असलेला चार चाकांचा वॉकर बरा पडतो, कारण त्यावर हात टेकून पुढे झुकता येतं, श्वास मोकळा होतो आणि अंतर वाढतं. तो सिमेंटच्या रस्त्यावर आणि घरात चालेल. लाल चिखलाच्या पायवाटेवर नेऊ नका.

बससाठी धावू नका. कर्नाटक सरकारची शक्ती योजना 2023 मध्ये सुरू झाल्यापासून बायकांचा सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तशी गर्दीही असते. स्टँडवर, जिथून बस सुटते तिथेच चढा, दांडी धरून श्वास सोडत पहिली उंच पायरी चढा, आणि बसल्याशिवाय पिशवीतून काही काढू नका. बाजाराला आठवडी गर्दीच्या दिवसाऐवजी इतर दिवशी सकाळी जा. पावसात एका हातात छत्री, एका हातात पिशवी असं होऊ देऊ नका. एक हात मोकळा हवा.

पडलात तर

उठायची घाई करू नका. आधी आवळलेल्या ओठांनी श्वास जागेवर आणा. मग एकेक अवयव हलवून बघा. एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, कंबरेत किंवा जांघेत सहन होत नाही, तर उठू नका, कुणालाही ओढून उभं करू देऊ नका. अंगावर पांघरूण घ्या आणि 108 ला फोन लावायला सांगा. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं. शुद्ध हरपून पडलात तरीही.

तसं काही नसेल तर कुशीवर वळा, कोपरावर रेटा, हात आणि गुडघ्यांवर या. रांगत भक्कम खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जा. दोन्ही हात त्यावर टेकवा, ताकदीचा पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवा, श्वास सोडत रेटा आणि वळून बसा. बसल्यावर 5 मिनिटं तरी उठू नका. हे उठणं चांगल्या दिवशी, गादीवर, घरच्यांसमोर एकदा करून बघा. उठता येतं हे कळलं की पडण्याची भीती निम्मी होते असं मला अनेक घरांत दिसलं आहे.

बरगडीच्या दुखण्याकडे मात्र "मुका मार आहे" म्हणून दुर्लक्ष करू नका. बरगडी दुखावली की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकला दाबतो, कफ आत साठतो आणि सीओपीडीच्या माणसाला त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. डॉक्टरांकडून दुखण्याचं योग्य औषध घ्या, खोकताना छातीवर उशी दाबून धरा, मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी घेऊ नका. दोन-तीन दिवसांत ताप, वाढता दम किंवा पिवळा-हिरवा कफ दिसला तर थेट दवाखाना गाठा. काही मोडलं नसेल तर दुसऱ्या दिवशी कुणाला तरी बरोबर घेऊन घरातल्या घरात चालायला सुरुवात करा, आणि जिथे पाय गेला ती जागा त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.